तुडीलच्या चित्रातली पुसलेली सावली

मी, कुशाबा रामा उतेकर, वय वर्षे एकसष्ट, धंदा कोळशाने चित्रे काढणे, मूळ गाव पोलादपुराजवळचे, हल्ली राहणार महाड, जिल्हा कुलाबा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहवून ठेवीत आहे. हात थरथरतो म्हणून अक्षर दुसऱ्याचे आहे, शब्द माझे आहेत. चार पावले चाललो की दम लागतो, पण डोके ठिकाणावर आहे. नजरही शाबूत आहे. ती नसती तर निदान मला न दिसल्याची सबब तरी सांगता आली असती. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कोणी दाखवल्यास ते खोटे समजावे.

कलम १. महाडातले राहते घर, परसातली विहीर आणि पोस्टातली शिल्लक माझी पत्नी येसूबाई हिची. घर विकून मुंबईला चल, असा आग्रह चिरंजीव सदूने तिला करू नये. शेजारचे महिपतराव नऊ वर्षांपूर्वी माझी शिडी घेऊन गेले, ती येसूबाईने मागून आणावी. मला मागायला संकोच वाटत आला. तिला वाटणार नाही.

कलम २. माझे चित्रकामाचे सामान, म्हणजे फळी, ती उभी करायचा घोडा, कागद, चिंध्या आणि कोळशाचे तिन्ही डबे, मुलगी मैना हिचे. लहानपणी माझा कोळसा तीच वाटायची, आणि कोणत्या डब्यात काय आहे ते तिला झाकण न उघडता सांगता येते. तरी लिहून ठेवतो. तुरकाट्या मडक्यात भरून, तोंड मातीने लिंपून, शेणीच्या विस्तवात भाजल्या की मऊ, दाट काळा कोळसा मिळतो. तो केसांना आणि भुवयांना. करवंटीचा कोळसा वाटून बोटाने चोळला की करडा उतरतो, तो मानेखाली आणि कानामागे. भाताच्या तुसाचा राखी, तो सगळ्यांत हलका आणि सगळ्यांत अवघड.

तरुणपणी मुंबईस एका फोटोवाल्याकडे मोठ्या केलेल्या फोटोंवर काळ्या खडूने हात फिरवायचे काम मी सहा वर्षे केले. तिथे एवढेच शिकलो की काळ्या रेघेने नाक कळते, माणूस कळत नाही. माणूस त्या राखी रंगात असतो. ओळख पटते ती तिथे. आणि गिऱ्हाईक पहिल्यांदा पुसायला सांगते तेही तेच.

सदूने मला आणून दिलेली रंगांची पेटी न उघडता तशीच आहे. ती त्याला परत द्यावी. तो रंगीत कॅलेंडरांच्या छापखान्यात आहे, त्याच्या देवींच्या गालांवर सावली नसते, आणि कोळशाला आता कोणी विचारत नाही असे तो म्हणतो. त्याचे म्हणणे बरोबर आहे. मी त्याच्यावर उगाच रागावत आलो.

कलम ३. माझा धंदा गेलेल्या माणसांचा होता. आमच्या डोंगरवाड्यांत जिवंतपणी फोटो कोण काढतो? माणूस गेल्यावर घरचे यायचे. मी त्यांना समोर बसवून आईचे कपाळ, भावाची हनुवटी, बहिणीचे ओठ घेऊन, आणि ते सांगतील ते ऐकून चेहरा जुळवीत असे. अशी त्रेसष्ट चित्रे पोलादपुरापासून बिरवाडीपर्यंत भिंतींवर आहेत. न पाहिलेला माणूस कुशाबा हुबेहूब काढतो, असे लोक म्हणू लागले, आणि ते ऐकायची मला चटक लागली.

कलम ४. हे कलम लिहवून घेण्यासाठीच मी हा कागद केला आहे.

तुडीलच्या बयाबाई मालोजी चोरगे या विधवा बाईचा एकुलता एक मुलगा सहदेव. बाराव्या वर्षी मुंबईस गेला आणि पुढे आगबोटीवर भट्टीत कोळसा घालणारा आगवाला म्हणून लागला. लढाईत, सन १९१७ साली, ती बोट बुडाल्याची खबर आली. प्रेत नाही, फोटो नाही. गावाने त्याला पाहिले ते मिसरूड फुटायच्या आधी, आणि आईनेही. तिला तो बुडाला त्या वयाचा, वीस वर्षांचा हवा होता. मी तिलाच समोर बसवले.

बयाबाईंचे डोळे खोल होते. भुवईखाली, नाकाच्या बाजूला, एक राखी सावली असायची, भर उन्हातही जात नसे. ती मी मुलाच्या डोळ्यांत उतरवली आणि मला आतून कळले की चेहरा आला. बाईंनी चित्र पाहिले आणि म्हणाल्या, पोर उपाशी दिसते, जरा उजळ करा. मी चिंधी घेतली आणि सावली पुसली. कोळसा झडू नये म्हणून वर गोंदाचे पाणी फुंकले, काच बसवली. बाई खूष झाल्या. पुढे रोज त्या चित्राला फूल वाहायच्या, आणि त्या चित्रामुळेच माझ्याकडे लोक येऊ लागले.

सन १९२९ च्या शिमग्याच्या सुमारास एक माणूस तुडीलला आला आणि मी सहदेव म्हणाला. डावा गाल नि जबडा वाफेने भाजलेला. दुसऱ्या बोटीने उचलले, परक्या बंदरातल्या इस्पितळात पडून होतो, हे तोंड घेऊन घरी यायला धीर झाला नाही, असे त्याने सांगितले. लहानपणच्या खुणाही सांगितल्या. पण बयाबाईंच्या दिराचा मुलगा गोमाजी, ज्याच्याकडे जमीन जाणार होती, तो म्हणाला की खुणा काय, बोटीवरचा सोबतीही सांगेल. तोतया आहे. शेवटी चित्र भिंतीवरून उतरवून ओटीवर ठेवले, त्या माणसाला शेजारी बसवले, आणि मला बोलावणे धाडले.

बयाबाईंना तोवर मोतीबिंदूने दिसेनासे झाले होते. त्या म्हणाल्या, "कुशाबा, मला दिसत नाय रे आता. तुज्या हातचा हाय तो. तू सांग, ह्यो त्योच हाय का?"

मी उजव्या बाजूने पाहिले. भुवईखाली, नाकाच्या बाजूला, ती सावली होती. आईची. मी पुसलेली. मला त्याच क्षणी कळले, आणि दुसरे हेही कळले की हो म्हणालो तर चित्र खोटे ठरते, आणि हे खोटे तर बाकीच्या घरांतली खरी कशावरून? सगळा गाव माझ्या तोंडाकडे पाहत होता. मी म्हणालो, "हा तो नव्हे."

तो उठला. भांडला नाही. माझ्याकडे बघून एवढेच म्हणाला, "काका, तुमी मला कदी बघितलेला हाय काय?"

मी त्याला कधीच पाहिले नव्हते. जमलेल्यांपैकी एकाच्याही हे ध्यानात आले नाही. येसूबाई बायकांत बसली होती. घरी येताना वाटेत ती म्हणाली, "तुमी त्याला वळखलंत. मी तुमच्या तोंडाकडं बघत होते." मी तिला गप्प बसवले. आठ दिवसांनी गोमाजीने तांदूळ धाडले. तो भात मी खाल्ला, तिने खाल्ला नाही.

सहदेव बिरवाडीला लोहाराकडे भाता ओढायला राहिला. लोक त्याला बोटवाला म्हणतात, नावाने कोणी हाक मारीत नाही. मी दोनदा तुडीलला निघालो. एकदा नदीपर्यंत जाऊन परत आलो, एकदा तेवढेही नाही. सन १९३३ साली बयाबाई वारल्या. अग्नी गोमाजीने दिला. सहदेव सावित्री नदीच्या पलीकडच्या काठावर उभा होता आणि मी अलीकडे, लोकांत. तोंड तेव्हाही उघडता आले असते. आंधळ्या बाईला तिचा मुलगा हाताशी असून मी मिळू दिला नाही, याचे मला अतोनात दुःख आहे, आणि त्याची भरपाई माझ्या घरात कोणत्याही वस्तूने होण्यासारखी नाही.

कलम ५. म्हणून शपथेवर लिहून ठेवतो की बिरवाडीचा बोटवाला हाच सहदेव मालोजी चोरगे होय. जमिनीचे काय ते कोर्ट ठरवील, माझा हा जबाब तिथे दाखवावा. गोमाजीच्या घरी असलेले चित्र माझे नाही, ते बयाबाईंचे, म्हणजे आता सहदेवाचे. त्याने ते ठेवावे, पुसावे की जाळावे, तो त्याचा प्रश्न आहे. बाकीच्या घरांतून कोणी येऊन येसूबाईला विचारले तर तिने खरे सांगावे, की कुशाबाने अंदाज केले. विचारणार नाहीत त्यांची चित्रे भिंतीवर राहू द्यावीत.

कलम ६. सहदेवाला या मृत्युपत्रान्वये काहीही दिलेले नाही. विसरलो नाही. दस्त लिहिणारे बापट म्हणाले, ज्याला मिळते त्याने साक्ष करू नये, पुढे शंका काढतात. मला त्याची साक्ष हवी आहे. त्याचे पुरे नाव सरकारी कागदावर कुठेच नाही, बुडालेल्यांच्या यादीशिवाय. ते इथे यावे.

त्याला मी तीनदा निरोप धाडले. उत्तर आलेले नाही. तो आला नाही तर दुसरी ओळ कोरी ठेवावी, तिथे अन्य कोणाची सही घेऊ नये. एका साक्षीने मृत्युपत्र टिकत नाही असे बापटांनी बजावले आहे, येसूबाईलाही सांगितले आहे. ती म्हणाली, न टिको. तेव्हा माझे वर लिहिलेले सर्व देणेघेणे खरे ठरवायचे की नाही, हे त्याच्या हाती आहे.

मुक्काम महाड, तारीख ९ माहे डिसेंबर, सन १९३६.

सही: कुशाबा रामा उतेकर

साक्षीदार
१. चांगू विठू सकपाळ, दुकानदार, राहणार महाड. सही.

२. (दस्त लिहिणाराची नोंद: सदर इसम आज तिसऱ्या प्रहरी हजर झाला. मजकूर मोठ्याने वाचून दाखवला, त्याने उभ्याने ऐकला. बसा म्हटले असता बसला नाही. मी "राहणार बिरवाडी" असे लिहू लागता त्याने हात धरला व म्हणाला, "बिरवाडी नको, तुडील लिवा. नि माझ्या आयशीचं नाव पन लिवा." सांगितल्याप्रमाणे लिहिले आहे. अनंत विश्वनाथ बापट.)

सहदेव मालोजी चोरगे, आई बयाबाई, राहणार तुडील. सही येत नाही, डाव्या हाताचा अंगठा.