बिननावाच्या फंक्शनला ऊब कळेना

मार्गशीर्ष, गुरुवार, दिवेलागण

सूनबाईच्या कोंबडीपिलांचा हा पहिलाच लॉट, आणि गारठा माथेरानच्या डोंगरावरून थेट शेडमध्ये उतरलेला. पिलांना ऊब देणारे बल्ब चालू-बंद करायला ती रात्रभर जागते. ते आपोआप व्हावं म्हणून मी कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहितोय. प्रोग्रामची भाषा उतरंडीसारखी: आधी आकडे एकावर एक रचायचे, मग काम सांगायचं. शेडच्या प्रत्येक कोपऱ्यात सेन्सर लावलाय; तिथलं तापमान बघायला एक छोटं, बिननावाचं फंक्शन, म्हणजे एका कामापुरता हुकमांचा तुकडा, लिहिलं. किती ऊब हवी तो आकडा बाहेर नाव देऊन ठेवला, पण फंक्शनला आतून ते नाव दिसतच नाही. या भाषेची रीतच तशी. का बरं?

दुपारभर तेच. डोळे मिटले की पिवळा उजेड, आणि त्यात पिलं.

"आबा, पिलं एकमेकांवर चढत्यात, चेंगरतील," सूनबाई दारातून म्हणाली. "ते ऱ्हाऊ द्या, मी बटण दाबते."

"घटकाभर थांब गं."

"मगाशीबी घटकाच म्हनलात."

मग सुचलं. बिननावाचं फंक्शन म्हणजे नाक्यावरून आणलेला गडी. आपल्या घरात कोयता कुठं असतो, त्याला काय ठाऊक? हातातच द्यायला हवा. म्हणून उबेचा आकडा दर खेपेला तापमानाखाली उतरंडीत ठेवला. कोड ओबडधोबड झाला. मनाला जरा लागलंच.

बल्ब आपसूक लागले. पिलांचा ढीग हळूहळू सुटला, पिवळ्या उजेडात पसरला. बटणाशी उभी असलेली सूनबाई खाद्याच्या पोत्याला टेकून बसली, आणि बसल्या जागी तिचा डोळा लागला.