रदीफच्या हाडाचं वय

रविवार, २ नोव्हेंबर
पोचले एकदाची समावात, इराकच्या पार दक्षिणेला! मोसुलहून निघताना आईने सामानापेक्षा सल्लेच जास्त बांधून दिले. प्रयोगशाळा मात्र छान, उजेड भरपूर. सामूहिक कबरींतल्या हाडांवरून माणूस मेला तेव्हा किती वर्षांचा होता, हे मी सांगायचं. बरगडीचा काप इतका पातळ घासायचा की त्याखालची अक्षरं वाचता यावीत, मग सूक्ष्मदर्शकाखाली हाडातल्या गोल कड्या मोजायच्या. वय वाढतं तशा जुन्या कड्या मोडून नव्या बनत जातात. मेल्यावर सगळं थांबतं. काप घासणारा हातिफ गोड बोलतो, जरा जास्तच गोड. असल्या माणसांवर मी नजर ठेवून असते.

गुरुवार, ६
आज उम्म रदीफ, म्हणजे रदीफची आई, भेटल्या. त्यांच्या रदीफला एकोणिसाव्या वर्षी सैनिकांनी घरातून उचलून नेलं, त्याला चौतीस वर्षं झाली. त्याचा ताईत ज्या सांगाड्यापाशी सापडला, तो आमच्याकडे आहे. वय जुळलं की नजफच्या पवित्र कबरस्तानात दफन. मी मोजलं, एकोणीसच! फार बरं वाटलं. आता नियमाप्रमाणे दुसरी मोजणी झाली, की अहवाल.

बाई दर गुरुवारी फाटकापाशी नवसाची रोटी वाटतात, आत पुदिना आणि कांद्याची पात. ती नाकारायची नसते, आणि खाणाऱ्याने नवसही म्हणायचा असतो. त्या म्हणाल्या, माझं आयुष्य माझ्या रदीफला लाभो. दरवान अबू शिनानने म्हटलं, मीही म्हटलं. हातिफ पोट बिघडल्याचं सांगून सटकला.

सोमवार, १०
दुसरी मोजणी एकतीस. चष्मा पुसून पुन्हा मोजलं, तरी एकतीसच. हातिफने कापाची काच बदलली, दुसरं काय! विचारलं तर म्हणतो, डॉक्टरीणबाई, काचा चोरून मी काय भाजीत घालणार आहे? हसला, पण नजरेला नजर देईना. आता काचेवर माझी खूण कोरलीय आणि कपाटाची किल्ली माझ्या गळ्यात आहे.

गुरुवार, १३
अबू शिनान गेला. इतका धडधाकट माणूस, खुर्चीत बसल्या बसल्या! उम्म रदीफ रडल्या आणि लगेच रोटी वाटायला लागल्या. अशा दिवशी नाही कसं म्हणायचं? खाल्ली, नवस म्हटला. त्यांनी दफनाचं विचारलंच नाही. आता किती वर्षांचा झाला, एवढंच विचारलं.

शनिवार, १५
माझीच खूण, माझीच किल्ली. चव्वेचाळीस. कड्या ताज्या आहेत.
हातिफला धरलंच. त्याची आजी बजावायची म्हणे, आपलं आयुष्य असं तोंडाने देऊन टाकू नये, घेणारा घेतो. आधी का नाही बोललास, म्हणून ओरडले. तो म्हणाला, तुम्ही तर मलाच चोर ठरवलं होतंत. खरंच होतं.

मंगळवार, १८
कंगव्यात पांढरे केस. जिना चढताना दोनदा बसले. मी अवघी तेहेतीसची आहे, देवा! बरगडीचा नवा काप घासायला घेतला तर पाणी रक्तासारखं तांबूस झालं.
जिवंत असता तर रदीफ आज त्रेपन्नचा असता. चव्वेचाळीस झालीत, फक्त नऊ उरली.

बुधवार, १९
अहवालात एकोणीस लिहून टाकलं. उद्याच्या आत त्याला पुरायलाच हवं. उम्म रदीफची सही हवी होती. कागद परत ढकलला त्यांनी. म्हणाल्या, चालत्याबोलत्या पोराला कोणी पुरतं का गं?

गुरुवार, २०
फाटक बंद ठेवलंय. मी काहीच खाल्लं नाही — तरी काचेवर सकाळी पन्नास, आता बावन्न — एकदा दिलं की दिलंच —
हातिफ फाटक उघडं टाकून पळाला. सांगाड्याचं खोकं रिकामं.
खाली उम्म रदीफ लाडाने कुणाला तरी म्हणतायत, राजा, सावकाश जेव, वर डॉक्टरीणबाई आहेत, त्यांनाही घास दे —
जिन्यावर पावलं. पुदिन्याचा वास. माझं अक्षर म्हातारीसारखं — दार लोटलं — तो विचारतोय, अजून थोडं देता क