काळवंडलेली लाल चांदी

वाघोली,
११ ऑगस्ट २०२५

ती. सौ. शैलावहिनी यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर आपण रडायला लागता, म्हणून लिहितो. काल आप्पांच्या कपाटातला चांदीच्या स्फटिकांचा संग्रह पाहिला. तारांसारख्या चांदीच्या जुड्या जागच्या जागी आहेत. पण चांदीच्या खनिजाचा तो लालभडक स्फटिक, ज्याच्यासाठी आप्पांनी दोन दिवाळ्या नवा सदरा शिवला नाही, त्याची डबी रिकामी. विचारल्यावर आपण देव्हाऱ्यातला काळा धोंडा दाखवलात! त्या कपाटाला आपल्याशिवाय कोणाचा हात लागत नाही. खरा स्फटिक कुठे गेला, ते कळवावे. २४ तारखेच्या रविवारी येऊन वडिलांचा उरलेला संग्रह मी घेऊन जाणार. दादाला मध्ये घालू नका.

कळावे,
सलिल

शुक्रवार पेठ, पुणे,
१४ ऑगस्ट २०२५

चि. सलिलभाऊजींस,
अ. आ.

पत्र मिळाले. ऐन श्रावणात मला चोर ठरवलेत, आणि तेही आठ-दहा ओळींत. काटकसर निदान माझ्याकडून शिकलात म्हणायची.

गेल्या दसऱ्याला कपाट पुसताना तो खडा सापडला. कुंकवाचा रंग, आणि गुंडाळलेला काळ्या फडक्यात. सवाष्णीच्या घरात हे कसे चालावे? मी तो देव्हाऱ्यात नंदादीपाशेजारी ठेवला आणि रोज एक फूल वाहिले. तो हळूहळू काळा पडला, तेव्हा वाटले की घरावरचे काहीतरी त्याने अंगावर घेतले. मार्चमध्ये आप्पा दवाखान्यातून चालत घरी आले, मग तर खात्रीच पटली. खडा तोच आहे. मी मॅट्रिकच असेन, पण देवासमोरची वस्तू बदलणारी नव्हे. जाणकाराला दाखवा आणि मग बोला.

आपली वहिनी,
शैला

वाघोली,
१८ ऑगस्ट २०२५

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

त्या दिवशी मी काढलेले धोंड्याचे फोटो आणि आप्पांकडचे स्फटिकाचे जुने फोटो जाणकाराला दाखवले. कडा, कोन सगळे जुळते, स्फटिक तोच. हे खनिज उजेडाने काळे पडते, म्हणूनच ते काळे फडके होते. चोरीचा शब्द मागे घेतो. चोर परवडला असता. त्याच्याकडून वस्तू परत तरी मिळते. आपण दहा महिने दिवा लावून ती मारलीत. आता हे आप्पांना आपणच सांगायचे. रविवार ठरल्याप्रमाणे.

सलिल

शुक्रवार पेठ, पुणे,
२२ ऑगस्ट २०२५

चि. सलिलभाऊजींस,
अ. आ.

सांगितले. पाय धरूनच सांगितले, ते तुमच्यापासून लपवत नाही. चूक माझी आणि ती मोठी आहे.

आप्पा म्हणाले की त्यांना दुसऱ्याच महिन्यात कळले होते. मग मला अडवले का नाही, विचारले. तर म्हणाले की चाळीस वर्षे या घरात सगळ्यांनी त्यांच्या स्फटिकांना धोंडे म्हटले, आणि त्यांत सलिलचा आवाज सगळ्यांत मोठा. रोज हात जोडणारी एकच भेटली, तिला कोणत्या तोंडाने थांबवायचे?

तुमची पत्रेही वाचून दाखवली. काल कॉलेजातल्या संग्रहालयाची माणसे बोलावून उरलेले एकोणीस नमुने डब्यांसकट देऊन टाकले. मला विचारले नाही, ह्यांनाही नाही. काळा तेवढा देव्हाऱ्यात राहू दे म्हणाले.

रविवारी जरूर या. न्यायला काही उरलेले नाही, तेव्हा आप्पांना भेटायलाच यावे लागेल. जेवायला थांबणार असाल तर आधी कळवा.

लोभ शिल्लक असेल तेवढा असू द्यावा,
शैला