मधला भांग

कोपनहेगन,
१४ मार्च १८८९

प्रिय कामिला,

तू उत्तर देत नाहीस म्हणून मी लिहायची थांबेन असं वाटत असेल, तर बहिणीला तू ओळखलंच नाहीस. तुझा खोकला गेला असेल आणि तुझ्या नवऱ्याची, येप्पेची, नवी होडी गळत नसेल, असं धरून चालते. मी ठणठणीत. इथे उजेडही चांगला आहे.

सध्या साखरेचे व्यापारी ब्रामसेन यांची तीन मुलं रंगवतेय. श्रीमान चित्र बघून म्हणाले, "बायकांच्या हाताला मुलं बरी जमतात हं."

म्हटलं, "घोडेही जमतात. पण त्यांना कुणी इस्त्रीचे कपडे घालून माझ्यासमोर बसवत नाही."

ते हसले नाहीत. धाकटा विगो हसला. चार वर्षांचा आहे, पण घरातला खरा रसिक तोच. 'हलू नकोस' म्हटलं की म्हणतो, "मी नाही हलत, श्वास हलतोय." मग थोड्या वेळानं, "माझं नाक संपलं का?"

चित्र झकास झालंय. विनय मला तरुणपणीही शोभला नाही, आता पंचेचाळिशीत कशाला तो दागिना घालू?

पण परवा ब्रामसेनबाई चित्राजवळ गेल्या आणि किंचाळल्याच. "अहो हॅलिंगबाई, आमच्या विगोची मुलगी केलीत की!"

फ्रॉक काय, या वयात पोरापोरींना सारखाच. मुलगा कोण ते कडेचा भांग सांगतो. आणि मी विगोचा भांग पाडला होता मधोमध! पंधरा बैठका झाल्या, पण माझ्या ध्यानातच आलं नाही. कानामागे एक चुकार बटही वळवली होती. विगोला तशी बट नाहीच.

विगोनं निरखून पाहिलं. "ही कोण?"

"माझी भाची."

"मग माझ्या खुर्चीत का बसलीय?"

मी कुंचले पुसायला घेतले.

घटसर्पानं तुझ्या आस्ताला नेलं त्या सकाळी तू म्हणाली होतीस, "ताई, झाकायच्या आधी एकदा चित्र काढ तिचं." मी खिडकीकडे बघत म्हटलं, "उजेड पुरेसा नाही." आणि दुपारच्या बोटीनं निघून आले.

विगोचा भांग पाव तासात कडेला नेला. ब्रामसेनबाई खूश. पण त्याआधी तो चेहरा छोट्या फळीवर उतरवून घेतला. गुरुवारच्या बोटीनं येतोय. मधला भांग, कानामागची बट, आणि डोळे उघडे. भिंतीवर लाव, नाहीतर तोंड भिंतीकडे करून ठेव. परत पाठवलंस तर मी घेणार नाही. चित्र उत्तम आहे, यावर वाद नको.

त्या सकाळी उजेड पुरेसा होता, कामिला.

हात नव्हे, धीर कमी पडलेली
तुझी ताई,
आग्नेता