अक्का, ते डाग मी पाहिले

प्रिय अक्का,

तू गेलीस त्याला दोन महिने झाले. आज तुझ्या मेंदूची काचपट्टी तयार झाली, म्हणून हे पत्र. तूच गिरवून घेतलेल्या मराठी अक्षरांत लिहितोय. घरात आता ती वाचणारं कुणी उरलं नाही.

रागावू नकोस. तू गेलीस त्या सकाळी आमच्या डॉक्टरांनी विचारलं, "सीनू, मेंदू तपासायला परवानगी देशील?" मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी इतकी वर्षं परक्यांचे तुकडे कापले. तुझ्या वेळी नाही कसं म्हणू? सही केली. फक्त चंद्राला सांगितलं.

किती गावांची सुईण होतीस गं तू! ओरत्तनाडूच्या बाजूला कालव्याच्या बांधावरून पिशवी घेऊन चालत जायचीस. मग एके दिवशी एका घरी सकाळी बाळंतपण केलंस आणि दुपारी पुन्हा दारात उभी! "पाणी तापवा. कळा कधीपासून आहेत?" बाळ आईच्या कुशीत दूध पीत होतं. बायका आधी हसल्या, मग घाबरल्या. तेव्हा तुझी पन्नाशीही झाली नव्हती. पुढे नोकरी सुटली आणि मी तुला तंजावूरला आमच्याकडे आणलं.

माझ्या नि चंद्राच्या लग्नाला बारा वर्षं झाली, मूल नाही. हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? चंद्राला तूच तपासलंस, तिच्याबरोबर तूच रडलीस. आणि तीच तू रोज सकाळी काफी झाली की तिच्या पोटावर हात ठेवायचीस. "एत्तनै मासम्? कितवा महिना गं?"

रोज, अक्का!

आधी ती हसून टाळायची. नंतर मोरीत जाऊन रडायला लागली. "मुद्दाम विचारतात," म्हणायची. मलाही तसंच वाटू लागलं. वेणी घालणं जमतं, देवाची फुलं वेचणं जमतं, मग एवढंच कसं विसरतेस?

एका सकाळी मी तुला थोबाडीत मारली. आई गेल्यावर जिनं मला वाढवलं, तिला! तू गालावर हात ठेवून माझ्याकडे पाहिलंस आणि शांतपणे म्हणालीस, "तुम्ही हिचे यजमान का? बाहेर थांबा, वेळ आहे अजून."

त्यानंतर कामावर जाताना तुला खिडकीच्या गजाला बांधून जायचो. तुझ्याच जुन्या लुगड्यानं. कापड मऊ आहे, अशी मनाची समजूत घालायचो.

आज तुझा तुकडा भिंगाखाली ठेवला. शाई शिंपडल्यासारखे सगळीकडे काळे डाग.

"यांना प्लाक म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "अमिलॉइड नावाचं प्रथिन पेशींच्या मधे साठत जातं. परदेशात मोठ्या यंत्रांखाली त्याचे धागे दिसलेत. म्हाताऱ्यांच्या मेंदूतही थोडे डाग असतात. पण या वयात इतके... हा अल्झायमर."

"यांच्यामुळेच ती विसरली?"

"बहुधा. पण आधी डाग पडतात की आधी पेशी मरतात, अजून कुणालाच माहीत नाही."

"औषध?"

"नाही, सीनू."

मी चंद्राला घेऊन आलो. ती बराच वेळ भिंगात पाहत राहिली.

"म्हणजे मुद्दाम नव्हत्या विचारत?"

"नाही."

"पाचवा महिना, असं म्हटलं असतं तर माझं काय बिघडलं असतं? खूश झाल्या असत्या."



हे आता कळून काय उपयोग, सांग? आधी कळलं असतं तरी तू बरी झाली नसतीस. रोज थोडी थोडी अशीच गेली असतीस. फक्त माझा मार खाल्ला नसतास.

वॉर्डात तुझ्यासारखंच विसरणारे एक शाळामास्तर आलेत. त्यांचा मुलगा त्यांचे हात बांधून ठेवतो. "ढोंग करतात," म्हणतो. उद्या मी त्याला भेटणार आहे. वडील बरे होणार नाहीत हे सांगेन, डागांचंही सांगेन. ऐकेल असं वाटत नाही. मीही ऐकलं नसतं. पण माझ्या बहिणीला मी मारलं, बांधलं, हे त्याला माझ्या तोंडानं सांगेन. एवढंच वचन देता येतंय, अक्का.

तुझा धाकटा,
सीनू
तंजावूर