कणगीमागचा चौक

आये, माझ्या लग्नाच्या दिवशी तू कणगीमागच्या भिंतीशी काय करत होतीस, हे मी तुला तू होतीस तोवर कधी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तू खरं सांगितलं असतंस असं मला वाटत नाही. "काय करनार? उंदीर बगत व्हते," असं काहीतरी म्हणून तू चुलीकडे वळली असतीस. मी मुळातच संशयी बाई. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांचं पाकीट उलटसुलट वाचते, दूधवाला हसून बोलला तर दूध तापवून बघते, मुलाने "सहज फोन केला" म्हटलं तर तासभर विचार करते की सहज कशाला. माझे हे म्हणायचे, संशयाला औषध नसतं, आणि तुझं दुखणं तर जुनाट आहे. जुनाट खरंच. ते मला तुझ्यावर नजर ठेवता ठेवता जडलं.

आपल्या पाड्यात आणि आजूबाजूच्या चार पाड्यांत तू धवलेरी होतीस. इथे बोईसरला माझ्या नातवंडांना हे समजावून सांगावं लागतं. आपल्या वारल्यांत लग्न भट लावत नसे, बाई लावायची, आणि तीही गाणं म्हणून. घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढायचा, चौकात पालघट देवी बसवायची, आणि धवलेरीने गात गात नवरानवरीला एकमेकांच्या हवाली करायचं. देवी नाही तर लग्न नाही. तुझी त्यातही एक रीत होती. चौकाच्या कडा, चांदसूर्य, फणी, शिडी हे सगळं सवाशिणींनी आधी काढायचं, पण मधली देवीची जागा कोरी ठेवायची. तू गायला लागलीस आणि गाणं देवीपर्यंत पोचलं की मगच पिठात बुडवलेली काडी तिथे टेकायची. आणि दुसरं म्हणजे, बोलावल्याशिवाय तू कुणाच्या लग्नाला उभी राहिली नाहीस. मामाच्या पोराचं लग्न होतं तेव्हाही मामा ताडीचं मडकं घेऊन दारात येऊन "धवलेरी, चल" म्हणेपर्यंत तू भात कांडत बसली होतीस. मी म्हटलं, मामाच आहे ना? तर म्हणालीस, "बयीन म्हनून मी कवा पण जाईन. धवलेरीला बोलवाया लागतं." मी सात-आठ वर्षांची असेन. ते मडकं डोक्यावर घेऊन मी तुझ्या पुढे चालायचे, आणि मला वाटायचं की जगात आपल्याहून मोठं कोणी नाही.

मग मी पालघरला मुलींच्या बोर्डिंगात गेले. बोर्डिंगच्या बाई मनाने चांगल्या होत्या. त्यांनी मला साबण दिला, दोन वेण्या घालायला शिकवल्या, माझं 'हाय' आणि 'नाय' मोडून 'आहे' आणि 'नाही' करून घेतलं. त्यांच्यामुळे मी शिकले आणि मास्तरीण झाले, हे मी विसरलेले नाही. पण एका दुपारी वर्गात त्यांनी विचारलं, तुमच्यात लग्न कोण लावतं? मी वहीत डोकं घातलं. माझ्या शेजारी बसणारी शिरगावची मुलगी म्हणाली, "बाई, ह्यांच्यात बायका ताडी पिऊन लग्न लावतात." सगळा वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी दुःखी चेहरा केला, आणि तो मला हसण्याहून जास्त लागला. "खरं का गं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "पूर्वी असायचं, बाई. आता आमच्याकडे भट येतो." बाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. भगत, धवलेरी, उतारे, सगळं अज्ञान, ते तुम्ही शिकलेल्या मुलींनीच मोडायचं, असं म्हणाल्या. त्यांच्या खोलीच्या दारावर दर शनिवारी नवं लिंबू-मिरची टांगलेलं असायचं. ते अज्ञान आहे की नाही हे विचारायची माझी छाती झाली नाही, पण मी ते बघून ठेवलं.

तेव्हापासून सुट्टीत घरी आले की मी तुझ्यावर पाळत ठेवू लागले. तू किती ताडी पितेस, गाताना डोळे खरे मिटतेस की किलकिले ठेवतेस, गाणं पाठ आहे की तोंडाला येईल ते म्हणतेस. आणि एकदा तुला पकडलंच. आदल्या लग्नात तुझी देवी दर्यावरून आली होती आणि या लग्नात डोंगरातून. तू सुपात तांदूळ पाखडत बसली होतीस. मी वकिलासारखी समोर उभी राहिले. "आये, तुझी देवी नक्की येते कुठून?" तुझा हात थांबला नाही. "ती नवरी तारापुराकडची व्हती, तवा दर्यावरून आली. ही जव्हाराकडची, मंग डोंगरातून आली. नवरीच्या वाटेनंच येल ना ती?" मला हे लबाडीचं उत्तर वाटलं. मी म्हटलं, गाणं म्हणून कुठं लग्न लागतं का, त्याला मंत्र लागतात. मग तू सूप खाली ठेवलंस.

"तुजा भट बोलतो ता तुला समजतं?"

"संस्कृत असतं ते."

"समजतं का?"

"नाही."

"आन मी बोलते ता?"

"समजतं."

"मंग बेस हाय. समजतं ता नको, नाय समजत ता पायजे. लय शिकलीस, पोरी." आणि पुन्हा सूप उचललंस. तू मला आयुष्यात रागावलीस ती एवढीच.

तारापूरकडे मोठं बांधकाम सुरू झालं ते माझ्या नोकरीच्या सुमारास. हे आपल्याच जातीतले, चार बुकं शिकलेले, तिथे गोदामावर कारकून लागले. देशभरातून आलेले लोक त्यांच्या आसपास. आमचं जमलं, तेव्हा त्यांच्या एका मित्राने सगळ्यांसमोर विचारलं होतं, "सुना है, तुम्हारे यहाँ औरत पंडित होती है?" ते मला सांगताना यांचे कान लाल झाले होते. आम्ही दोघांनी ठरवलं, पालघरहून भट आणायचा. तुला कसं सांगायचं याची मी आठ दिवस तयारी केली. तू काय काय म्हणशील आणि मी त्यावर काय काय म्हणेन, सगळं पाठ केलं. आणि तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "बरं."

नुसतं बरं! कोंबडीवरून शेजारणीशी अर्धा दिवस भांडणारी तू! त्या 'बरं'ने माझी झोप उडवली. कन्यादानाला बसणार का विचारलं तर म्हणालीस, "मना त्यातलं काय समजत नाय. काका-काकीला बसव." बा म्हणाला, "ही नाय तं मी पन नाय," आणि आंब्याखाली जाऊन बसला. म्हणजे घरात काहीतरी शिजत होतं आणि ते मला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

लग्नाची सकाळ. अंगणात मांडव, यांचे मित्र इस्त्रीच्या शर्टात बाजेवर बसलेत. दांडी गावच्या कोळणीकडून आणलेल्या सुक्या बोंबलांचं कालवण भटजी यायचे म्हणून घरामागे नेऊन टोपलीखाली झाकलंय. मी नव्या साडीत घरात येते तर कणगी जागेवरून हातभर सरकलेली. तू तिच्यामागून बाहेर येतेस. तुझी बोटं पांढरी.

"हात कशाने पांढरे झाले?"

"भाकऱ्या थापल्या ना."

मी चुलीकडे बघते. चुलीवर भाताचं मोठं पातेलं. पीठ मळायची काथवट कोरडी, भिंतीला टेकवलेली. त्या दिवशी आपल्या घरात एकही भाकरी झालेली नव्हती, आये. मी कणगीकडे पाऊल टाकते, तर तू मध्ये उभी. "मांडवात जा. भट खोळंबलाय," म्हणतेस, आणि तुझ्या पांढऱ्या बोटांनी माझा पदर नीट करतेस. भट अजून आलेलाही नव्हता.

मग भटजी आले, अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली. मी मान खाली घालायची सोडून तिरक्या डोळ्याने तुला शोधत होते. तू घराच्या दारात उभी होतीस, अर्धी आत अर्धी बाहेर. तुझ्या एका हातात काडी होती. आणि तुझे ओठ हलत होते. हळूहळू आवाजही यायला लागला, भटजींच्या सुराखालून, नाकातून, ओढत ओढत. भटजी थांबले. त्यांनी मला काहीतरी विचारलं आणि मी उत्तर दिलं. काय उत्तर दिलं ते शेवटी सांगते. पुन्हा वर बघितलं तेव्हा दारात कोणी नव्हतं. लग्न लागल्यावर तू भाताचं पातेलं घेऊन बाहेर आलीस आणि यांच्या मित्रांना आग्रह करकरून वाढलंस.

त्या दिवसापासून मी धरून चालले की तू मला फसवलंस. मी भट आणला आणि तू कणगीमागे चोरून माझं लग्न आपल्या रीतीने लावलंस. सुरुवातीला मला फार राग आला. पुरावेही माझ्या बाजूने होते. आपल्या पाड्यात ज्यांनी भटाकडून लग्न लावलं त्यांना म्हाताऱ्या तोंडावर म्हणायच्या, "तुमचा लगीन कुठं झालाय अजून?" मला कधी कोणी म्हटलं नाही. का नाही म्हटलं? यांना खोदून खोदून विचारलं, तुम्हाला आयेने काही सांगितलं होतं का? हे हसायचे. हसले म्हणजे नक्की सांगितलं असणार.

पण खरं सांगू का, त्या रागाचा पुढे मला आधार वाटायला लागला. शाळेत मी मुलांना अंधश्रद्धेवर धडा शिकवायचे, अगदी बाईंच्या सुरात. आणि हे कामावर पडले आणि पंधरा दिवस शुद्धीवर आले नाहीत, तेव्हा त्यांच्या खाटेशी बसून मी मनात म्हणत होते, काही होणार नाही, कणगीमागे देवी आहे. धाकट्याला गोवर निघाला तेव्हा तेच. आमचं असं भांडण झालं की मी पेटी भरली, तेव्हाही तेच, आये लग्न लावून बसलीय, ते असं मोडायचं नाही. तू आमच्याकडे राहायला आलीस की मी तुला मऊ भात करून वाढायचे आणि तुझ्या तोंडाकडे बघत राहायचे, आता बोलशील, आता बोलशील. तू म्हणायचीस, "काय बगतंस? खरकटं लागलंय का?"

तू गेलीस, त्यानंतर दुसऱ्या वर्षी भावाने पक्कं घर बांधायला काढलं. कूड पाडायच्या आदल्या दिवशी मी मुद्दाम गेले. भाऊ म्हणाला, कणगीमागचं तेवढं जरा मळकं आहे, "आये तिथं कोनाला सारवू देत नसे." बघितलंत, माझं खरं निघालं, असं मनात येत होतं. दोघांनी मिळून कणगी सरकवली. भावाला मी पाणी आणायला पाठवलं.

चौक होता. काळपट गेरूवर अजून दिसत होता. चारी कडा, एकात एक नक्षी, चांद, सूर्य, फणी, शिडी. तुझ्या थरथरत्या हाताचा नव्हे, चांगल्या जोमाच्या दिवसातला. आणि मधली जागा कोरी होती. पुसली गेली असेल म्हणून मी अगदी नाक टेकवून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं, हाताने चाचपलं. काही पुसलेलं नव्हतं. तिथे काडी कधी टेकलीच नव्हती. तू मला फसवलं नव्हतंस. तू माझं लग्न लावलंच नव्हतंस. इतकी वर्षं मी जिचा आधार घेऊन राहिले ती देवी तिथे कधी आलीच नव्हती, आणि तू मात्र ती जागा कोणाला सारवू दिली नाहीस.

भाऊ पाणी घेऊन आला आणि म्हणाला, काय हाय तिथं? मी म्हटलं, काही नाही, उंदरांनी पोखरलंय.

आता संशय घ्यायला दुसरं कोणी उरलं नाही म्हणून मी माझ्यावरच घेते. कधी वाटतं, तू फक्त बोलावण्याची वाट बघत होतीस. मी एकदा ताडीचं मडकं घेऊन तुझ्या दारात आले असते आणि "धवलेरी, चल" म्हटलं असतं, चार पोरं झाल्यावरसुद्धा, तरी तू उठली असतीस. आपल्यात संसार आधी आणि लग्न मागून, असं कितीकांचं व्हायचं. पण मग ती दारातली काडी आठवते, ते हलणारे ओठ आठवतात. तू गात होतीस, आये. न बोलावता कुणाकडे न जाणारी तू माझ्यासाठी न बोलावता गायला उभी राहिली होतीस, आणि गाणं देवीपर्यंत पोचायच्या आत मध्येच थांबलीस.

हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही, ते माझ्या कपाटात साड्यांखाली राहील. पण उत्तर सांगायचं कबूल केलंय. भटजींनी विचारलं होतं, "त्या दारातल्या बाई कोण? मध्येच काय पुटपुटतायत?" काका माझ्या तोंडाकडे बघत होते. यांचे मित्र बघत होते. आणि मी बाईंनी शिकवलेल्या स्वच्छ मराठीत म्हटलं, "त्या भांडी घासायला आलेल्या बाई आहेत."

तू ते ऐकलं नसशील, दार लांब होतं, असं मी स्वतःला खूप वेळा सांगून पाहिलं. पण तुला माहीत आहे, मी संशयी बाई. माझा त्यावर विश्वास बसत नाही.