केवळाबाईंच्या परसात पेट्रोल लागलं त्याची हकिगत

लातूर, बुधवार

ती. सिद्रामप्पामामा,

तुमच्या भाचीचे, शिवानीचे, शरणु शरणार्थी. गुडघा कसा आहे? मामी सांगत होती की मोतीबिंदू काढल्यापासून तुम्हाला कंधारच्या स्टँडवर एसटीची पाटी लांबून वाचता येते. (म्हणजे माझं अक्षरही वाचता येईल. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही “बरं बरं, घे मामीला” म्हणून सुटका करून घेता.)

मी माती-पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. (मामी अजून सगळ्यांना ‘रक्त-लघवीच्या’ म्हणून सांगते. मी समजावणं सोडून दिलंय.) दोन महिन्यांपूर्वी चाकूरहून केवळाबाई नावाच्या आजी सरबताच्या बाटलीत बोअरचं पाणी घेऊन आल्या. झाकण उघडलं आणि खोलीभर नव्यानं रंगवलेल्या दाराचा वास सुटला. त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत पूर्वी एक भाडेकरू ड्रायक्लीनिंगचं दुकान चालवायचा. कपडे धुवायचं पेट्रोलसारखं द्रव साठवायला त्यानं परसात लोखंडी टाकी पुरली, आणि पंधरा वर्षांपूर्वी टाकी तशीच ठेवून तो निघून गेला. आमच्या सरांनी मला आणि वीरेशला चाकूरला पाठवलं. वीरेश जमिनीत गिरमिट घालून खोलवरची माती काढतो. (गिरमिट सुताराचं असतं तसंच, फक्त माणसाएवढं.)

टाकी नेमकी कुठं आहे हे केवळाबाईंना आठवेना. शेजाऱ्यांना मात्र पक्कं आठवत होतं, प्रत्येकाला वेगळ्या जागी. शेजारचे श्रीमंतकाका, निवृत्त कंडक्टर, यांनी इतक्या खात्रीनं बोट दाखवलं की आम्ही तिथंच खणलं आणि गल्लीची नळाची लाईन फोडली. (त्या दिवशी नेमकी पाण्याची पाळी होती. बायका मला काय बोलल्या ते मामीला वाचून दाखवण्यासारखं नाही.) दुसऱ्या खड्ड्यात गिरमिट खणकन वाजलं. झाकण उचललं तर तळाशी वीतभर द्रव. वीरेश सहज बोलून गेला, “मॅडम, हे तर पेट्रोलच हाय.” आम्ही हातमोजे काढेपर्यंत बातमी स्टँडवर पोचली आणि माणसं कॅन, कळश्या घेऊन हजर झाली. श्रीमंतकाकांनी तीस वर्षांच्या सवयीनं रांग लावली, वयस्कर आणि अपंग पुढे. मी घसा फोडून सांगत होते की हे विषारी आहे, पेट घेईल. पण मला सरकारी समजून लोक आणखीच घाईनं पुढे सरकत होते. एक गृहस्थ विडी ओढत टाकीत डोकावले, तेव्हा मी ती त्यांच्या तोंडातून ओढून बादलीत बुडवली. (ते केवळाबाईंचे व्याही निघाले.) तेवढ्यात काकांनी पहिला मान स्वतःकडे घेऊन तांब्याभर द्रव लुनात ओतलं. लुना पांढरा धूर सोडत मारुतीच्या पारापर्यंत गेली आणि तिथंच बसली. रांग आपोआप विरली.

मग आम्ही द्रव पिंपात उपसलं आणि माझं हसू गेलं. टाकीचा तळ गंजून चाळण झाला होता. खालची माती गिरमिट जाईल तिथवर त्याच वासाची, आणि बोअर तिथून वीस पावलांवर. केवळाबाईंनी मला बाजूला घेतलं. “पोरी, सून सात महिन्यांची हाय. मग आमी इतके दिस काय पिऊन राहिलो?” मला गोड बोलता येईना. तपासणीला आठ दिवस लागतील, तोवर हे पाणी तोंडात घेऊ नका, सुनेला, पुनमला, डॉक्टरांकडे न्या, एवढंच म्हणाले. त्यांनी बोअरच्या स्टार्टरच्या पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला खोचली. संध्याकाळी फुटलेली लाईन जोडून झाली, तेव्हा श्रीमंतकाकांनी न सांगता आपल्या नळाची नळी भिंतीवरून त्यांच्या हौदात सोडली.

अहवाल वाईटच आला. बोअर कायमचा बंद, माती काढून न्यावी लागणार. पण पुनमच्या तपासण्या चांगल्या निघाल्या, आणि परवा तिला तीन किलोची मुलगी झाली. केवळाबाईंनी फोनवर आधी वजन सांगितलं, मग मुलगी म्हणून. मी प्रयोगशाळेतच रडले, वीरेशला वाटलं बाटली फुटून वास लागला.

मामीला नमस्कार. तुम्ही काठी घेऊनच चालत जा.

तुमची, नखांत कायम माती असलेली,
शिवानी

ता. क. : पत्र खरं तर यासाठी लिहायला घेतलं होतं. सरांनी जिल्ह्याजिल्ह्यांतल्या जुन्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानांची यादी केली आहे. कंधारमधलं पहिलंच नाव तुमच्या दुकानाचं. मामा, वापरून झालेलं द्रव तुम्ही तीस वर्षं कुठं ओतायचात? तेव्हा कुणालाच काही ठाऊक नव्हतं, मी रागावणार नाही. पण जागा कागदावर काढून ठेवा, आणि खरी काढा.

ता. क. २ : मंगळवारी वीरेशला आणि गिरमिटाला घेऊन येते, जेवायला आहोत. तोवर घरामागच्या बोअरचं पाणी दोघांनीही पिऊ नका. मामीला कारण मी सांगणार नाही, तुम्ही सांगा.